बाजरी लपवा, पैठणी मिळवा

स्पर्धेचा विषय : तृणधान्यं. अट : मुख्य जिन्नस बाजरी, ज्वारी किंवा नाचणी. स्थळ : क्लब हाउस. सोसायटी पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडची असो, रावेतची, मोशीची की पिंपळे सौदागरची, निकाल आत्ताच सांगून टाकतो. पहिलं बक्षीस, पैठणी : बाजरीचा चॉकलेट केक. दुसरं, मिक्सर : ज्वारीचा पिझ्झा. तिसरं, डब्यांचा सेट : नाचणीचे मोमो. उत्तेजनार्थ : भाकरी-पिठलं. तेही सातव्या मजल्यावरच्या आजी एवढ्या हौसेनं आल्या होत्या म्हणून.

ठरवून दिलेल्या जिन्नसातून पदार्थ करा, असा हा खेळ. पण आपल्याकडे त्याचा न छापलेला नियम वेगळाच आहे : दिलेला जिन्नस जो सगळ्यात बेमालूम लपवेल, तो जिंकला. परीक्षकबाई घास घेतात, डोळे मोठे करतात आणि माइकवरून सांगतात, ‘‘बाजरी आहे हे कळतसुद्धा नाही!’’ टाळ्या. बाजरीच्या स्पर्धेत बाजरीला मिळणारं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्रक. उद्या गायन स्पर्धेत ‘‘गाणं चालू होतं हे कळलंसुद्धा नाही’’ म्हणून कुणाला पहिला नंबर देऊन बघा.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं. भाकरीवर वाढलेल्या लोकांना भाकरी चांगली असते, ही बातमी न्यूयॉर्कहून आली. हरकत नाही, उशिरा का होईना, आली. वर्ष संपलं, फ्लेक्स उतरले, स्पर्धा मात्र राहिल्या. हळदीकुंकू, महिला दिन, गणपती, नवरात्र. निमित्त कुठलंही असो, टेबलावर बाजरी हजर. फक्त वेषांतर करून.

भाकरी का हरते? गुणपत्रिका बघा. चव, मांडणी, पौष्टिकता, नावीन्य. भाकरी मांडून मांडून मांडणार किती? तिला उभी करता येत नाही, तिच्यावर चेरी बसत नाही, कडेनं मेयोनीजची नक्षी काढावी तर पिठलं रागावतं. नावीन्याच्या रकान्यात तर भोपळाच. शिवाय परीक्षकबाई तिच्यापर्यंत पोचेस्तोवर मधली पंचवीस टेबलं उरकलेली असतात. तव्यावरून उतरल्या उतरल्या खायची वस्तू दीड तास थर्माकोलच्या प्लेटमध्ये पडून राहिली की तिची चामडी होते. केकला कसली घाई? तो कालच झालेला असतो.

आता त्या विजयी केकचं पोट जरा फाडून बघू. बाजरीत ग्लुटेन नसतं. म्हणून तर भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवून तळहातानं रगडावं लागतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. केक फुगायचा तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं. ते काम कोण करतं? मैदा. कृतीच्या कागदावर पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत ‘बाजरीचं पीठ, अर्धी वाटी’. सहाव्या ओळीत बारीक अक्षरांत ‘मैदा, दीड वाटी’. मग साखर, बटर, कोको पावडर आणि चॉकलेट सॉस ‘आवडीनुसार’. पौष्टिकतेत दहापैकी नऊ. एक गुण बहुधा बाजरी जरा जास्त झाली म्हणून कापला असावा. आणि भेट म्हणून प्रत्येकीला मिळालेलं बाजरीच्या पिठाचं पाकीट कपाटात मागे सरकतं. बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडू होतं. महिन्याभरानं ते निघतं तेव्हा घरात एकमतानं ठरतं, की बाजरी काही आपल्याला आवडत नाही बुवा.

स्पर्धा म्हटली की प्रायोजक आलाच. ही रीत जुनी आहे. पिल्सबरी या पीठ विकणाऱ्या अमेरिकन कंपनीनं 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या बड्या हॉटेलात घरगुती बेकिंगची स्पर्धा भरवली. अट साधी : पीठ आमचं वापरा. जपानच्या ‘आयर्न शेफ’ या टीव्ही कार्यक्रमानं 1993 मध्ये त्याचा आखाडा केला. मुख्य जिन्नस ऐनवेळी समोर आणायचा आणि तासाभरात त्याचेच पदार्थ करायचे. तिथे निदान जिन्नस मिरवायचा असतो.

आपल्याकडे पीठ कुणाचंही चालतं, फोटो तेवढा प्रायोजकाचा लागतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवक नव्हते, इच्छुक होते. इच्छुकाला मतदारयादी वाचायचा कंटाळा, पण पाककला स्पर्धेच्या नावनोंदणीचा फॉर्म फार प्यारा : नाव, विंग, फ्लॅट नंबर, मोबाइल, घरात मतदार किती. शेवटचा रकाना बघून एखादीनं विचारलंच, ‘‘दादा, मतदारांची संख्या कशाला? पदार्थ तेवढ्यांना पुरवायचाय का?’’ तर दादा हसतात. पैठणी दादांची, मंडप दादांचा आणि बाजरी लपवणाऱ्या विजेतीच्या फोटोत मधोमध उभेही दादाच.

खरं दुःख वेगळंच आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याइतका चांगला स्वयंपाकाचा आखाडा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. कारखान्यांनी इथे सगळा महाराष्ट्र आणून एकेका इमारतीत रचून ठेवलाय. एका मजल्यावर जळगाव, समोर लातूर, वर सोलापूर, खाली रत्नागिरी. या चौघींना ‘ज्वारी’ एवढाच शब्द देऊन मोकळं सोडा. जळगावची ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी करील आणि ठेच्याशिवाय ती खाल्लीत तर तुमच्याशी बोलणार नाही. लातूरची धपाटे थापील. सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते आणि शेंगाचटणीबरोबर मोडताना आवाज करते. रत्नागिरीची म्हणेल, ज्वारी तुमची तुम्हाला लखलाभ, मला तांदूळ द्या. आणि तिचंही ऐकावं लागेल. एका धान्याची एवढी उत्तरं एका लिफ्टच्या अंतरावर असताना आपण चौघींनाही मोबाइलवरची एकच कृती करायला लावतो आणि तिला नावीन्य म्हणतो.

ठरलेल्या जिन्नसांची सगळ्यात कडक स्पर्धा बघायची असेल तर क्लब हाउसमधून बाहेर पडा आणि चाकणच्या आसपासच्या जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत जा. पोषण आहाराचा हिशेब पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे असा : तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. पाच ग्रॅम तेल म्हणजे चहाचा एक चमचा. केकच्या साच्याला आतून लावायलाही आपण त्याहून जास्त घेतो. एवढ्यात शे-दोनशे पोरांना आवडेल असं शिजवायचं, तेही रोज, तेही घंटा व्हायच्या आत. केंद्रानं या स्वयंपाकी बायांचं मानधन 2009 मध्ये ठरवलं महिना 1000 रुपये, तेही वर्षातले दहा महिने. राज्य त्यात भर घालतं म्हणून बरं. सप्टेंबर 2021 मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम पोषण’ योजनेत गावापासून देशपातळीपर्यंत पाककला स्पर्धांना उत्तेजन द्यायचं, तेही स्थानिक जिन्नस वापरून, असं म्हटलं आहे. म्हणजे रोज तीच स्पर्धा खेळणाऱ्या बाईला आणखी एक स्पर्धा. कल्पना वाईट नाही. फक्त परीक्षक म्हणून दुसरीतली पोरं बसवा. ती ‘नावीन्य’ म्हणत नाहीत, ‘अजून वाढा’ म्हणतात.

तेव्हा यंदाच्या स्पर्धेसाठी आमची नियमावली. इच्छुकांनी, आणि आता निवडून आलेल्यांनीही, खुशाल आपल्या नावानं छापावी.

एक. जिन्नस आयोजक ठरवणार नाहीत, तारीख ठरवील. स्पर्धा 28 तारखेला. पगार व्हायचा असताना डब्यांत जे उरलं असेल ते साहित्य. चाकणच्या बाजारातून येताना आणलेला कांदा आणि बटाटा तेवढा सगळ्यांना समान.

दोन. वेळ पहाटे पाच ते साडेपाच. कंपनीची बस चौकात थांबत नाही आणि फर्स्ट शिफ्टवाल्याचा डबा गार गेला तरी चालेल, पण जायला हवा.

तीन. मुख्य जिन्नस पहिल्या घासाला ओळखू आला पाहिजे. न आल्यास पदार्थ बाद. ‘‘कळतसुद्धा नाही’’ म्हणणारे परीक्षकही बाद.

चार. मांडणीचे गुण रद्द. त्याऐवजी डबा संध्याकाळी रिकामा परत आला तर पैकीच्या पैकी.

पाच. स्पर्धा पुरुषांनाही खुली. ‘‘रविवारी मी मटण फर्स्ट क्लास करतो’’ हे पात्रतेचं प्रमाणपत्र धरलं जाणार नाही. मंगळवारी काय करता ते लिहावं. भांडी स्वतः घासायची. ओटा पुसला नसेल तर पाच गुण वजा, आणि ‘‘हळद कुठंय गं?’’ असं आतून ओरडल्यास त्याच क्षणी स्पर्धेबाहेर.

पाचवा नियम छापून आला की नावनोंदणीचे किती फॉर्म कोरे परत येतात ते मोजा. पैठणीचा खर्च वाचला, तर तेवढ्या पैशांत स्वयंपाकघरात एक एक्झॉस्ट फॅन बसवून द्या.