एका पाटासाठी

जिभाऊंना एक पाट करायचा होता. जेवायला बसायचा, सागाचा, साधा. शहाद्याच्या बाजारात तसे पाट मिळतात, जिभाऊंच्या घरात तसले चार आहेत, आणि गुडघे धरल्यापासून ते स्वतः खुर्चीवर बसून जेवतात. पण हे त्यांना सांगायचं कोणी?

जिभाऊ हे एकाच माणसाचं नाव समजू नका. खानदेशात घरातल्या, गल्लीतल्या मान द्यायच्या माणसाला जिभाऊ म्हणतात, आणि तापीच्या या काठाला दर दोन गल्ल्यांआड असा एक जिभाऊ निघतो. नोकरीत असेपर्यंत हा माणूस अगदी सरळ असतो. आमचे जिभाऊ तर हायस्कुलात गणित शिकवायचे. निरोपाची शाल-श्रीफळ घेऊन घरी आले, आठवडाभर पेपर वाचला, आणि मग त्यांना हत्यारं दिसायला लागली. आधी एक ड्रिल आलं. ड्रिलला ठेवायला फळी हवी म्हणून करवत आली. करवतीला धार लावायला ग्राइंडर आला. या जातीच्या माणसाला आधी मशीन आवडतं, त्याच्यासाठी काम मागाहून शोधलं जातं. पाट हे असंच मागाहून सापडलेलं काम.

भूगोलही त्यांच्या बाजूने उभा राहिला. वर सातपुडा, पायथ्याला तळोदा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात तळोद्याची नोंद लाकडाची मोठी पेठ म्हणून आहे, आणि खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या इथेच बनत, एकेक चाळीस रुपयांच्या वर जाई, असंही त्यात आहे. हे जिभाऊंना तोंडपाठ. "चाळीस रुपये! तेव्हाचे!" असं म्हणून ते समोरच्याकडे असं बघतात की ती गाडी त्याने घेतली नाही हा त्याचाच दोष. पुढे जंगल आटलं, आणि १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात असा लगाम ओढला की देशभरच्या कितीतरी वखारींची चाकं थांबली. चाकं थांबली तरी मशीनं जागच्या जागीच राहिली. पत्र्याखाली, भुशात, कोंबड्यांच्या विष्ठेत. अशीच एक चक्री करवत तळोद्याकडच्या एका बंद वखारीत पडून आहे, एवढी बातमी जिभाऊंच्या कानावर आली आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

मशीन बघायला ते मला बरोबर घेऊन गेले. साक्षीदार म्हणून असावं. सारंगखेड्याच्या यात्रेत जातिवंत घोडा बघणारे जसे आधी लांबून फेरी मारतात, मग दात बघतात, मग पायावरून हात फिरवतात, तसा सगळा विधी झाला. टेबल बिडाचं, अखंड ओतीव, चार माणसं जेवायला बसतील एवढं. मधल्या खाचेतून सोळा इंची पातं वर आलेलं, गंजून विटकरी झालेलं. जिभाऊंनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली, टेबलावर आडवी, उभी, तिरकी ठेवली आणि पलीकडून टॉर्च मारायला लावला. पट्टीखालून उजेड आला नाही. जिभाऊंच्या डोळ्यांत आला.

अंगावर नावाची बिडाची पट्टी होती, पण तिच्यावर रंगाचे इतके थर की शेवटची इंग्रजी अक्षरं तेवढी वाचता येत होती: 'स्टर'.

"लेस्टर," जिभाऊ पुटपुटले. "म्हणजे वॅडकिन. इंग्लंडची कंपनी, १८९७ ची. रेल्वेच्या कारखान्यातून आलेली असणार."

"मँचेस्टर पण असू शकतं," मी म्हणालो.

सोबतचे मिस्तरी म्हणाले, "मास्टर पण असू शकतं."

जिभाऊंनी आम्हा दोघांकडे दहावीच्या गणितात नापास झालेल्यांकडे बघावं तसं बघितलं आणि ते भाव करायला गेले.

मी आयुष्यात पुष्कळ सौदे पाहिलेत. गिऱ्हाईकाने भाव चढवलेला हा एकच. वखारवाला शेठ गादीवर बसून म्हणाला, "घेऊन जा ना गुरुजी. भंगाराच्या भावाने लावतो. काट्यावर जे भरेल ते."

"भंगार?" जिभाऊ उठून उभे राहिले. "शेठ, असं बीड आता कोणी ओतत नाही. याला भंगार म्हणता तुम्ही?"

"मग काय म्हणू?"

"मशीन म्हणा. आणि मशीनच्या भावाने द्या."

शेठने क्षणभर आमच्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं की यात काही डाव आहे. डाव नाही हे कळल्यावर मात्र त्याने मशीनला मान द्यायला अजिबात कसूर केली नाही. भाव दुप्पट झाला, आणि जिभाऊ समाधानाने पैसे मोजायला बसले.

आणण्याची कथा थोडक्यात सांगतो. पिकअप, चेनपुली, सहा माणसं, आणि प्रकाशाला थांबून केदारेश्वरापुढे फोडलेला नारळ. शहाद्यात पोचेपर्यंत पिकअपचं तोंड आकाशाकडे लागलेलं होतं. पहारी लावून, गोल ओंडक्यांवरून सरकवत सरकवत मशीन अंगणात घेतलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, आणि राग आला की त्या अस्सल अहिराणीत येतात.

"हाई काय लई उनात?"

"पाटासाठी," जिभाऊ म्हणाले.

वहिनींनी त्या धुडाला डोळ्यांनीच एक प्रदक्षिणा घातली. "पाट कितला मोठा करनार शेतस?"

मशीन पोर्चमध्ये बसलं आणि मोटरसायकल पावसात गेली. मग विजेचं प्रकरण सुरू झालं. मोटर थ्री फेजची, घर सिंगल फेजचं. जिभाऊंनी काही दिवस मशीनच मळ्यात न्यायचा विचार केला, कारण विहिरीवर थ्री फेज आहे; पण ती येते रात्री, आणि ती पंपासाठी आहे. रात्री दोन वाजता सुतारकाम करणारा निवृत्त शिक्षक गावाला पचला नसता. शेवटी रीतसर अर्ज झाला, मीटर आला, स्टार्टर बसला.

सोळा इंची पात्याचं गणितही त्यांनी आम्हाला पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर पात्याचा दात ताशी दीडशे किलोमीटरने धावतो. "विचार करा," ते म्हणाले, "लाकूड आडवं गेलं आणि पात्याने मागे फेकलं तर?" हा विचार करून आम्ही दोघे-तिघे मागे सरकलो. जुन्या मशीनला पात्यामागची पट्टी नव्हती. चिरलेलं लाकूड पुन्हा मिटून पात्याला आवळू नये म्हणून तिथे पोलादाची एक पातळ पट्टी असते. जिभाऊंनी ती जीपच्या पाट्यातून घासून बनवली. वेडा असला तरी हा माणूस दहाही बोटं शाबूत ठेवणारा वेडा आहे, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

शुभारंभाला गल्ली जमली. पेढे आले. जिभाऊंनी हिरवं बटण दाबलं. घरघर झाली, पट्टा फिरला, पातं फिरलं, टाळ्या पडल्या. मिस्तरी शांतपणे म्हणाले, "जिभाऊ, उलटं फिरतंय."

थ्री फेजमध्ये तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटर फिरायची दिशा बदलते. वायरमनने ते दोन मिनिटांत केलं. पण उलट्या फिरण्याने पात्याचं नट ढिलं झालं असेल अशी शंका जिभाऊंनी काढली आणि पान्याला दोन तरणी पोरं लावली. नट उलट्या आट्याचं. पोरं जोर लावत होती, जिभाऊ "आवळा, आवळा" म्हणत होते, आणि नट निघून भुशात पडलं. पेढे तेवढे खरेच संपले.

हे सगळं मार्गी लागल्यावर जिभाऊंनी कायदा वाचला. आधी वाचायला हवा होता असं वहिनींचं मत आहे, पण या जातीत कायदा नेहमी मशीननंतर येतो. लाकडावरच्या उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चिरलेल्या लाकडावर काम करणाऱ्यांना परवान्यातून जी सूट आहे, ती तीस सेंटिमीटरपेक्षा मोठी चक्री करवत नसेल तर. सोळा इंच म्हणजे चाळीस सेंटिमीटर. दुसरा कोणी म्हणाला असता, घरच्या पोर्चमध्ये कोण बघायला येतंय? जिभाऊ गणिताचे. त्यांनी बारा इंची पात्याचा विचार केला, वहीत गुणाकार केला: ३०.४८. अर्ध्या सेंटिमीटरसाठी बारा इंच बाद झालं. दहा इंची पातं आलं.

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे. सात-आठशे किलोचं बीड, पाच हॉर्सपॉवरची मोटर, चार माणसांच्या पंगतीएवढं टेबल, आणि मधून जेमतेम अडीच इंच डोकावणारं पातं. सोळा इंची पातं रॉकेलने घासून चकचकीत करून भिंतीवर टांगलंय. खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागतं, आणि त्या दिवशी जिभाऊ मशीन चालू करत नाहीत. बाकीच्या दिवशीही सहसा करत नाहीत.

करतात ते नाण्यासाठी. पाहुणा आला की चहाआधी त्याला पोर्चमध्ये नेतात. खिशातून पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं काढतात, टेबलावर कडेवर उभं करतात आणि बटण दाबतात. मोटर घुमते, पट्टा पळतो, पातं दिसेनासं होतं, आणि नाणं हलत नाही. जिभाऊ हात मागे बांधून, श्वास धरून उभे असतात. पाहुण्याला काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून तो "वा" म्हणतो. मशीन बंद होतं, नाणं परत खिशात जातं. ते नाणं खर्च करायचं नाही अशी घरात सक्त ताकीद आहे.

आणि पाट? पाट झाला. बेअरिंगला ग्रीस लावायला जिभाऊंना मशीनखाली शिरावं लागतं, गुडघ्यांमुळे उकिडवं बसवत नाही. मिस्तरींनी एकदा हे पाहिलं, कोपऱ्यातली सागाची फळी उचलली, हातकरवतीने कापली, खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि चहा येईपर्यंत पाट पुढे सरकवला. जिभाऊ त्याच्यावर बसून ग्रीस लावतात. मशीन का वापरलं नाही असं मी मिस्तरींना हळूच विचारलं. ते म्हणाले, "एवढ्याशा कामाला त्याला कशाला उठवायचं?"

गेल्या महिन्यात जिभाऊंच्या मुलाचं जमत आलं होतं. मुलीकडचे घर बघायला नवापूरहून आले. वहिनींनी दोन दिवस घर आवरलं, पुरण घातलं, आणि जिभाऊंना बजावलं की नाणं काढायचं नाही. त्यांनी काढलंही नाही. पण मुलीचे वडील चप्पल काढता काढता पोर्चमध्येच थबकले. मशीनपाशी गेले. टेबलावरून तळहात फिरवला, वाकून खाली बघितलं, आणि घरात बसलेल्या कोणाकडेही न बघता विचारलं, "शाफ्ट मूळचाच का?"

जिभाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ते काही न बोलता आत गेले आणि टॉर्च घेऊन आले. थोड्या वेळाने दोघांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि आतून आवाज येत होते: पुली, पट्टा, बीड, आताचं बीड, तेव्हाचं बीड. पुरणपोळ्या निवल्या. मुलीच्या आई आणि वहिनी एकमेकींकडे बघत बसल्या होत्या, आणि दोघींची पहिल्या भेटीतच ओळख पटल्यासारखी दिसत होती.

तासाभराने व्याही भुशाने माखून बाहेर आले. देण्याघेण्याचा विषय निघाला तसा जिभाऊंनी हात वर केला. "हुंडा-बिंडा आम्ही घेत नाही. हा विषयच नको."

"ते तर झालंच," व्याही म्हणाले. "मी दुसरंच सांगत होतो. माझ्याकडे सोनगडच्या बाजूने आणलेला एक रंधा पडलाय. जुना. बिडाचा. अठरा इंची."

जिभाऊ खुर्चीच्या कडेवर आले. "हुंड्यात नको. रोख मोजून घेईन. कधी बघायला येऊ?"

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "तुमले सून जोयजे का मशीन, एकदाव सांगी टाका!"