भिंगवाले सर

नाणी जमवणारा माणूस कुठल्याही तालुक्याला सापडतो. हिंगोलीत मात्र नाणीच त्याला शोधत येतात. 17 सप्टेंबर 1948पर्यंत हा मुलूख निजामाचा, आणि निजामाचा रुपया इंग्रजांच्या रुपयाहून वेगळा, त्याचं नाव हाली सिक्का. इंग्रजी शंभर रुपयांना हालीचे 116च्या वर मोजावे लागत. म्हणून आजही कुठे जुना वाडा पाडला किंवा आजीची पेटी उघडली, की चारमिनार छापलेली हालीची नाणी निघतात. ती रुमालात बांधून माणूस आमच्या सरांच्या ओट्यावर येतो.

सर निवृत्त शिक्षक. या छंदातले बहुतेक लोक निवृत्त शिक्षकच असतात, कारण दुसऱ्याच्या चुका बारकाईने शोधायची सवय एकदा लागली की सुटत नाही. नाणी जमवता जमवता सर भिंगंच जमवू लागले, हे त्यांचं वेगळेपण.

सुरुवात दांड्याच्या भिंगापासून झाली, ज्यातून पंचांग वाचतात तसलं. ते दुप्पट-तिप्पट दाखवायचं. सरांचं समाधान होईना. मग हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात त्यांनी घडीचं चकचकीत भिंग घेतलं, त्यावर ‘30 पट’ असं कोरलेलं. त्यातून रुपया पाहिला तर मधे पुसट आणि कडेला निळी-तांबडी किनार. भिंगाचा दोष उघड होता, काचेचा एकेरी तुकडा रंग फोडतो. चांगल्या दहापटी भिंगात तीन काचा एकमेकींना चिकटवून तो दोष काढलेला असतो. सरांनी मात्र आठवडाभर त्या रुपयालाच दोष दिला.

खरं तर पट कोरलेली असते ती दुकानदाराच्या उत्साहाची. हिशेब सोपा आहे. 25 सेंटिमीटरला पटीने भागा, म्हणजे नाणं भिंगापासून किती दूर धरायचं ते कळतं. दहापटीला अडीच सेंटिमीटर, विसापटीला जेमतेम सव्वा. तीसपटीला नाणं इतकं जवळ येतं की स्वतःच्याच बोटांची सावली पडते, आणि दिसतो तो नाण्याचा एवढासा तुकडा. एवढं गणित येत असूनही सरांनी पुढची पायरी चढलीच. नातवाने लॅपटॉपला जोडायचा सूक्ष्मदर्शक मागवला. खोक्यावर ‘1000 पट’.

त्या रात्री घरात सुतक पडल्यासारखं झालं. पडद्यावर चारमिनारच्या कमानीत खड्डेच खड्डे. ओतीव बनावट नाण्यावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, हे सरांनी वाचलेलं. झालं! निम्मा संग्रह खोटा ठरवून ते न जेवता झोपायला निघाले. नातवाने त्यांचा हात धरला, अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाला, “आबा, तुम्ही पण ओतीवच दिसायलात की.”

सरांचं खरं प्रेम आहे ते चारमिनारच्या दारावर. नाणं हातात घेतलं की त्यांचा पहिला प्रश्न, “दारात काय हाय बघा.” नवा माणूस वळून सरांच्याच दाराकडे बघतो. दारात असतं ते अक्षर. मीर महबूब अली खानाच्या नाण्यावर मीम, आणि 1911ला गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खानाच्या नाण्यावर ऐन. त्यातही सुरुवातीच्या नाण्यांवर हे ऐन तोकडं, पुढे पूर्ण. हा फरक पाचपटीत भासतो आणि दहापटीत पटतो. त्याच्या वर गेलात तर अक्षर हरवतं, चांदी तेवढी दिसते. सरांच्या बाई आतून विचारतात, “नाण्यातलं बारीक अक्षर दिसायलंय, अन् गॅसवरचं दूध दिसंना व्हय?”

बाईंच्या तक्रारीला सरांकडे उत्तर नाही. लखपती व्हायला आलेल्यांना मात्र आहे. वैष्णोदेवीचं 2012चं नाणं घेऊन औंढ्याहून, वसमतहून माणसं येतात, कारण कुणीतरी फोनवर दहा लाख कबूल केलेले असतात. सर भिंग लावतात, श्वास रोखतात आणि सांगतात, “पाच रुपयांचं हाय. पाचालाच जाईल.” जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021मध्ये दिला होता. त्या बातमीचं कात्रण सरांनी ओट्यावरच डकवलंय. तरी कुणी हटून बसलाच, तर त्याला सालाखालची टाकसाळीची खूण शोधायला लावतात. टिंब असेल तर नोएडा, चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद. “अन् काहीच दिसलं नाही तर डोळ्याच्या डॉक्टरकडं पळू नका, ते कोलकात्याचं.”

भिंग धरण्याबाबत त्यांची शिस्त शाळेतलीच. सिनेमातल्या हेरासारखं हात लांब करून भिंग धरलं की ते हातावर मारतात. भिंग डोळ्याला टेकवायचं, नाणं हळूहळू वर आणायचं, दुसरा डोळा उघडाच ठेवायचा, आणि उजेड समोरून न घेता बाजूने, तिरपा घ्यायचा. झीज, ओरखडा, पुसट अक्षर हे सगळं तिरप्या उजेडात उठून दिसतं. सरांचा लॅपटॉप आता नातवाकडे आहे, सूक्ष्मदर्शकात बाई कधीमधी तांदळातले सोंडे बघतात. सरांच्या खिशात दोनच भिंगं उरली आहेत, एक पाचपटी आणि एक दहापटी.

तुम्हालाही घ्यायचंच असेल तर तीन काचांचं दहापटी घ्या, आणि उरलेल्या पैशांत एक चांगला टेबललॅम्प. आणि हिंगोलीला सरांकडे नाणं दाखवायला नेणार असाल, तर ते आधी चिंचेने घासू नका. घासल्याच्या रेघा दहापटीत स्पष्ट दिसतात, आणि सर फार बोलतात.