बत्तीसशेची मिजास

माझ्या लॅपटॉपची रॅम 2400 ची, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटे. मित्र ‘आमची 3200’ म्हणाले की मी गाडी पावसाकडे वळवत असे. कर्जतजवळच्या पळसदरीत राहणाऱ्याला तो विषय जूनपासून पुरतो. शेवटी मीही 3200 ची आठ जीबीची पट्टी मागवली. माझा आठव्या पिढीचा प्रोसेसर 2400 च्या पुढे जात नाही, हे पक्कं ठाऊक असताना! वेग हवा होता कोणाला? आकडा हवा होता.

मागचे स्क्रू काढले, पट्टी तिरकी खोचून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या. टास्क मॅनेजर म्हणाला, 2400. लॅपटॉप सुरू होताना पट्टीवरच्या चिमुकल्या चिपमधून तिची माहिती वाचतो आणि सगळ्यांना झेपेल तोच वेग ठरवतो.

पळसदरीकराला यात नवल नाही. खोपोली फास्टचा रुबाब आम्ही रोज पाहतो. कल्याणनंतर ती प्रत्येक स्टेशनाला रामराम करते आणि कर्जतपुढे एकेरी रुळावरून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत जाते. पाटीवर ‘फास्ट’ तसंच! पुण्याच्या गाड्यांचंही तेच. 1863 पासून घाटात 37 फुटांमागे एक फूट चढ आहे. डेक्कन क्वीनसारखी डेक्कन क्वीनही कर्जतला थांबून मागे ढकलायला बँकर इंजिनं लावून घेत आली. ही मागची इंजिनं कण्हत आमच्यावरून गेली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जातो, आणि पुढचं इंजिन कुठलं, मागची किती, हे घरात जाहीर करतो.

‘अहो, रॅमचं सांगत होतात ना?’ बायकोने आठवण करून दिली.

हो, रॅम. खरी 3200 धावली असती तरी काय मोठं झालं असतं? सर्वसाधारण 2400 ची पट्टी पहिलं उत्तर साधारण 14.2 नॅनोसेकंदांत देते, 3200 ची 13.75 मध्ये. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गेम खेळणाऱ्याला फरक जाणवतो, कारण तिथे चित्रंही याच रॅमवर चालतात. माझ्यासारख्या लेख टंकणाऱ्याला नाही. माझा लॅपटॉप सुधारला तो आठचे सोळा जीबी झाले आणि दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनेल, म्हणजे दुहेरी मार्ग, मिळाला म्हणून. मित्रांना अर्थात मी ‘3200 टाकली’ एवढंच कळवलं.

ही कीर्ती ऐकून शेजारची मुलगी नवा लॅपटॉप घेऊन आली. कॉलेजसाठी वडिलांनी हप्त्यांवर घेतलेला. ‘काका, माझ्यातपण घालून द्या ना.’ मी ऐटीत स्क्रू काढले. आत चार जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली, आणि स्लॉट एकही नाही. ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की तो गपगार. हप्ते अजून चालू आहेत. पातळ दिसावा म्हणून यंत्राची वाढ जन्मतःच खुंटवायची आणि खोक्यावर मात्र वेगाचा आकडा ठळक छापायचा, याची मला मनस्वी चीड आली. तिला काय सांगावं सुचेना. स्क्रू परत लावून दिले.

तेव्हा मुलांसाठी लॅपटॉप घ्यायला जाल तर 2400 की 3200 हे विचारत बसू नका. रॅम किती जीबी आणि स्लॉट मोकळा आहे का, एवढं विचारा. आणि दुकानदार उत्तर टाळू लागला तर दुसरं दुकान बघा.