पुरुषच नाही, तर समान कोणाशी?

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीने बायकांना कमी पगार देण्यासाठी बराच खटाटोप केला. काम स्टेनोग्राफरचेच, पदनाम मात्र ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. यांचे काम वेगळे, शिवाय आमची ऐपत नाही, असे साहेबाच्या जमान्यातल्या या जहाज कंपनीने कोर्टात सांगितले. यांपैकीच एक, ऑड्री डिकोस्टा, यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दोन्ही सबबी फेटाळल्या. कंपनीची चूक एवढीच, की तेच काम करणारे पुरुष तिने त्याच कचेरीत ठेवले होते. तुलना आयतीच सापडली.

सरकार इतके गाफील नसते.

२६ सप्टेंबर १९७५ रोजी समान वेतनाचा वटहुकूम निघाला. सहाच दिवसांनी, गांधीजयंतीला, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी जन्मली. इथे पदच बाईचे! मराठवाड्यात किनवटच्या तांड्यावर काय किंवा औशाच्या वस्तीवर काय, अंगणवाडीताई पोरांची वजने घेते, आहार वाटते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरते. निवडणूक आली की तिलाच बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) करून मतदार याद्या हाती देतात. अंगणवाडीत या पदावर पुरुषच नाही, मग समान वेतन मागायचे कोणाच्या बरोबरीने?

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप सुरू झाला तेव्हा ताईला महिन्याला १०,००० रुपये मिळत होते, मदतनीस बाईला ५,५००.

ही ताई सरकारी नोकर आहे का, याचे उत्तर सोयीप्रमाणे बदलते. कर्नाटकच्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हे सरकारी पद नव्हे. गुजरातच्या खटल्यात २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र मान्य केला. म्हणजे काम सोडताना तरी थोडीशी नोकरी पदरात पडते.

पण खरी कमाल मार्च २०१८ ची. महिला व बालविकास खाते तेव्हा मराठवाड्याच्याच पंकजा मुंडे यांच्याकडे होते. अंगणवाडी सेविकांना ‘मेस्मा’ कायदा लावण्यात आला, म्हणजे अत्यावश्यक सेवा म्हणून संपाला बंदी. पगार मागताना परकी असलेली बाई घरी बसायचे म्हणताच अत्यावश्यक ठरली! विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेनेही आवाज चढवला, तेव्हा कुठे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी निर्णयाला स्थगिती दिली.