शेवटचा भाग, अर्थात लवकरच

अमेरिकेत 'थर्टी रॉक' नावाची एक मालिका होऊन गेली. न्यूयॉर्कच्या वाहिनीवर विनोदी कार्यक्रम रचणाऱ्यांचीच त्रेधातिरपीट, हा तिचा विनोद. टीना फे बाईंनी सात पर्वं केली, १३८ भाग झाले आणि ३१ जानेवारी २०१३ला गाशा गुंडाळला. अखेरीस तर मालिकेतला कार्यक्रमही बंद पडला आणि त्यावरही लोक हसले. एवढी हिंमत आमच्या अंधेरीत कुणाची झालेली ऐकिवात नाही.

आमच्याकडे विनोद संपत नाही. हिंदीत 'तारक मेहता'चं गोकुळधाम २००८च्या जुलैत सुरू झालं. चार हजारांवर भाग होऊन गेले. दयाबेन २०१७ला गेल्या त्या अजून 'येतायत', टप्पू तिसऱ्या नटाच्या अंगात शिरलाय. या अवधीत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत निम्मी उपनगरं पुनर्विकासाला गेली, लोक भाड्याच्या घरांत पांगले. गोकुळधाम सोसायटी मात्र अजून जागच्या जागी उभी!

मराठीतही तेच. 'चला हवा येऊ द्या' ऑगस्ट २०१४ला सुरू झालं, मार्च २०२४ला थांबलं. डोळे पुसले गेले, आठवणींचे लेख छापून आले. आणि जुलै २०२५ला तेराव्याचं जेवण आटोपतंय तोच स्वारी दारात हजर. सूत्रसंचालनाला फक्त निलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर.

म्हणून म्हटलं, आपणच एक शेवट लिहावा. अंधेरीत विनोदी कार्यक्रम करणाऱ्यांवर मालिका, आणि थेट अखेरचं पर्व. साहित्य तर रस्त्यावर पडलंय. लेखक सात, खुर्च्या चार. भागांची बँक शून्य, म्हणजे आज शूट, उद्या टेलिकास्ट. पहाटे तीनला स्किट पाठवायचं, नऊच्या कॉल टाइमला नटानं विचारायचं, "यात माझा पंच कुठाय?" गुरुवारी टीआरपी आला की सगळ्यांनाच आठवतं, आपण मूळचे गंभीर नाटकवाले. प्रेक्षकांत बसवलेल्या ज्युनिअर आर्टिस्टना हसण्याची दिवसाची हजेरी मिळते. हसवणाऱ्याचा चेक नव्वद दिवसांनी.

एका वाहिनीत नरेशन दिलं. क्रिएटिव्ह मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, छान आहे. पण यात सासू कुठाय?"

"लेखकांच्या खोलीत सासू?"

"हेड रायटरची असू दे ना. डबा घेऊन येते. श्रावणात मंगळागौरीचा महाएपिसोड होईल."

"अहो, पण हे शेवटचं पर्व आहे. दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या नोकऱ्या जातात."

"दिवाळीत कुणाची नोकरी घालवायची नाही हं. जाहिरातदार नाराज होतात. त्यापेक्षा लीप घेऊ, पाच वर्षांचा."

"मग शेवट?"

"टीआरपी पडला की करूच. चढला तर कशाला करायचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'थर्टी रॉक'वाल्यांकडे तरी असतं का कोण जाणे. त्यांच्याकडे श्रावण नाही.

मालिका अजून मंजूर झालेली नाही. मात्र 'हास्याचा अखेरचा निरोप, रविवारी दोन तासांचा विशेष भाग' हा प्रोमो गेल्या आठवड्यात चित्रित झाला. त्याच्या मानधनाचे नव्वद दिवस सुरू आहेत.