खिडकीजवळचा रुमाल

डहाणू लोकलमध्ये खिडकीच्या जागेवर टाकलेला रुमाल कोणाला अडवू शकत नाही. तरी रोजचा प्रवासी त्याचा मान राखतो. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस जो पासवर्ड मागतो, त्याची योग्यता माझ्या मते नेमकी तेवढीच. तो बदलण्याचा विधी मात्र गंभीर असतो. डिलीट किंवा एफ-टू वेळेत दाबून निळ्या पडद्यात शिरायचं, सिक्युरिटीच्या पानावर जुना पासवर्ड एकदा आणि नवा दोनदा द्यायचा, मग एफ-टेन. जुन्या मशीनवर तिथे माउस चालत नाही, त्यामुळे मोठमोठे मॅनेजरही बाणांच्या कळांवर येतात. बहुतेक बायोसना अमेरिकी कळफलकच कळतो. म्हणजे देवनागरीत गणपतीचं नाव घालायची सोय नाही. मग इंग्रजी स्पेलिंगमधले गणपती आणि त्यांच्या मागे एक-दोन-तीन.

या पहाऱ्याची पोच किती? बऱ्याच डेस्कटॉपमध्ये तो सीआर 2032 या 3 व्होल्टच्या बॅटरीच्या जिवावर उभा असतो. वीस मिलिमीटर व्यासाची ही चकती वायर काढून थोडा वेळ बाहेर ठेवली, की मशीन सगळं विसरतं. कोणी म्हणेल, लॅपटॉपचं तसं नसतं. खरं आहे; तिथे पासवर्ड बहुधा वेगळ्या चिपमध्ये असतो आणि बॅटरी काढून जात नाही. पण त्यात अडकतो कोण? विसरलेला मालक. त्याला मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळतो. चोर मात्र डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो, आणि ती एन्क्रिप्ट केलेली नसेल तर सगळा हिशेब त्याच्यापुढे उघडा. बोईसरजवळच तारापूरच्या अणुभट्ट्या 1969 पासून आहेत. तिथे इंधनाभोवती धातूचं आवरण, त्याबाहेर पोलादी पात्र, त्याबाहेर काँक्रीट. एकाच भिंतीवर विसंबायचं नाही, हे शिकायला बोईसरच्या एमआयडीसीतून फार लांब जावं लागत नाही.

मग पासवर्ड ठेवूच नये? तसं मी म्हणत नाही. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कंपनीत एकच मशीन अनेकांच्या हाताखालून जातं, आणि बायोसच्या सेटिंग राखणाऱ्या सुपरवायझर पासवर्डची जागा रिकामी ठेवली तर कोणीही स्वतःचा घालून मोकळा होतो. शिवाय पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करणं बंद ठेवायचं, तर ती सेटिंग कोणीतरी राखलीच पाहिजे. तेव्हा सुपरवायझर पासवर्ड जरूर बदलावा, रोज चालू करण्याचा पासवर्ड पाळीवाल्यांच्या डोक्यावर लादू नये, आणि खरा भरवसा डिस्कच्या एन्क्रिप्शनवर ठेवावा. पासवर्ड लिहून ठेवू नये, असा आक्षेप येईलच. मॉनिटरला चिकटवू नये, हे मान्य. पण सीलबंद लिफाफ्यात, ऑफिसच्या कपाटात, जरूर ठेवावा. फक्त लिफाफ्यावर तारीख टाकावी. तीन पासवर्डांपूर्वीचा लिफाफा प्राणपणाने सांभाळणारी कपाटं काही थोडी नाहीत.