स्विच ऑफ?

तुमच्याही सोसायटीत ते असणारच. आपली गाडी सुरू होत नाहीये हे आपल्याआधी त्यांना कळतं. दोन किका फुकट गेल्या की जिन्यात चपला वाजतात, आणि तिसऱ्या किकेला पाय उचलावा तोच मागून आवाज येतो, ‘‘थांबा!’’

इतरांच्या वाट्याला येतात ते काका निदान आयटीआयवाले तरी असतात. आम्हा शहाडकरांच्या नशिबी विमानवाले आले. सत्तरच्या दशकात ते जुहूच्या फ्लाइंग क्लबात हेल्पर होते. रोज पहाटेची कसारा लाइनची लोकल, दादरचा पूल, मग पार्ले. तिथे त्यांच्या ताब्यात पुष्पक होतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, दोन माणसांचं, कापडी अंगाचं. इंजिन ९० हॉर्सपॉवरचं, पण स्टार्टर नाही. समोर उभं राहून पंखा हाताने ओढायचा. रामायणातलं पुष्पक सकाळी सकाळी रुसून बसल्याचं वाल्मीकींनी कुठे लिहिलेलं नाही. हे बसायचं. आणि ते बसलं की यांना बोलावणं. तेव्हापासून आम्ही सगळे त्यांना मॅग्नेटोकाका म्हणतो, आणि ते हा किताब समजतात.

तर, ‘‘थांबा!’’ आणि पाठोपाठ, ‘‘स्विच ऑफ?’’

‘‘काका, ती सुरूच होत नाहीये. ऑफच आहे.’’

‘‘ते तुम्ही म्हणता. तार काय म्हणते?’’

मग हातातलं घड्याळ खिशात जातं, शर्ट पँटमध्ये खोचला जातो, मफलर सुटतो. स्कूटर स्टँडवर असली तरी चाकाला दगड लागतो. हे सगळं होईस्तोवर शहाडवरून दोन लोकल निघून जातात. इतक्या तयारीनंतर काका काय करतात? किक मारतात. तीच, जी आपण मारत होतो.

हा ‘स्विच ऑफ’ गाडीपुरता असता तरी चाललं असतं. पाण्याच्या पंपाला हात लावण्याआधी तोच प्रश्न. काकूंच्या मिक्सरलाही तोच. काकू म्हणाल्या, ‘‘अहो, लाइट गेलीय!’’ तर म्हणे, ‘‘म्हणून काय झालं?’’ मध्यंतरी छातीत दुखलं म्हणून त्यांना नेलं, तेव्हा ईसीजीच्या तारा छातीला चिकटवणाऱ्या पोरीलाही त्यांनी झोपल्या झोपल्या विचारलं. तिला वाटलं, बाबा भ्रमात आहेत. आम्ही सांगितलं, हे शुद्धीवर असल्याचं लक्षण आहे.

एकदा मात्र मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला. गणपतीचे दिवस, मुसळधार पाऊस, ऐन आरतीच्या वेळी लाइट गेलेली. मंडळाचा दोरी ओढायचा छोटा जनरेटर, आणि मंडळातले सगळे दंड आळीपाळीने ती दोरी ओढतायत. काका आले, नाक पुढे केलं. ‘‘ओव्हर झालाय. कोण चोक देऊन ओढत बसलंय?’’ मग अर्थात, ‘‘स्विच ऑफ?’’

प्लग काढला. पेट्रोलने चिंब. काकांनी तो धोतराच्या फडक्याने पुसला, टोकावरची काजळी पॉलिश पेपरने घासली आणि सगळ्यांना फिरवून दाखवला. चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्विच बंद, आणि प्लगविना दोरी चार-सहा वेळा ओढून आतलं पेट्रोल उडवून लावलं. पुष्पक ओव्हर झालं की हेच, फक्त प्लग जागेवर ठेवून पंखा उलटा फिरवायचा.

हे करता करता त्यांनी जे सांगितलं त्याने मी गार झालो. घरातली तार तुटली की दिवा विझतो. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं उलटं आहे. तो स्वतःची वीज स्वतः बनवतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच ‘ऑफ’ करणं म्हणजे ती वीज एका तारेने इंजिनाच्या अंगात जिरवणं. ती तार तुटली तर स्विच कितीही ऑफ करा, ठिणगी पडणारच. बाहेरचा माणूस निर्धास्तपणे पंखा हलवतो, आणि पंखा त्याला हलवतो. म्हणून बोटं पात्याच्या कडेला अडकवायची नाहीत, तळवा सपाट ठेवायचा, ओढताना अंग मागे जायला हवं. ‘‘पायलट आतून ‘स्विच ऑफ’ म्हणतो ना, ती त्याची श्रद्धा. हात आमचा असतो.’’

दुसरं, ‘टक्’ ऐकायचं. चालत्या इंजिनाला ठिणगी जरा आधी लागते. हाताच्या संथ गतीला ती आधी मिळाली तर पंखा उलटा हाणतो. म्हणून मॅग्नेटोत एक स्प्रिंग असते. ती त्याला अडवून धरते आणि उशिरा, पण झटक्यात सोडते. तो टक्. ‘‘टक् नसेल तर दिवसभर ओढा. पेट्रोलला शिव्या देऊ नका, दोष तिथे नाही.’’ काकांनी प्लग बसवला, दोरी ओढली, जनरेटर गुरगुरला, आणि त्याच क्षणी लाइट आली. टाळ्या महावितरणला मिळाल्या.

आमच्या जवळच्या नेवाळी गावाचा विषय काढला की मात्र ते विनोदी राहत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली. युद्ध १९४५ ला संपलं, जमिनी काही परतल्या नाहीत. त्याच जमिनीभोवतीच्या नौदलाच्या भिंतीवरून २२ जून २०१७ ला नेवाळीत गाड्या पेटल्या, तेव्हा सगळा नाका टीव्हीसमोर ‘हे अचानक कसं?’ विचारत होता. काका म्हणाले, ‘‘स्विच ऑफ केला म्हणाले, तार कुणी तपासली?’’ त्यांचा तो प्रश्न इतक्या योग्य जागी पडलेला मी दुसऱ्यांदा ऐकला नाही.

हल्ली बटणाच्या गाड्या आल्या. काकांना कुणी बोलवत नाही, तरी ते उतरतात. बटण दाबलं की लगेच सुरू होणाऱ्या गाडीकडे ते अशा नजरेने बघतात की ती बंद करून पुन्हा अडखळत सुरू करावी असं वाटतं. मी एक-दोनदा केलंय. हे त्यांना सांगू नका.

परवा मी विचारलं, ‘‘काका, इतकी वर्षं पुष्पक सुरू केलंत, एकदा तरी बसलात का त्यात?’’

त्यांनी मला पूर्ण बावळट ठरवलं.

‘‘मी आत बसलो तर पंखा कोण ओढणार?’’